सोडून दिलेला मासा

विसावा घेणे म्हणजे आळस करणे नव्हे. सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी विसावा ही मांडणी मनुष्याने शोधून काढलेली नाही. सृष्टीच्या आरंभीच ती घालून दिलेली आहे. लोकांच्या वर्दळीमुळे जेवावयासही सवड न मिळालेल्या शिष्यांना प्रभू येशूने एकांतात येऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले, असे मार्कच्या शुभवर्तमानात आपण वाचतो (६:३१). तेव्हा ख्रिस्ती मनुष्याने विसावा घ्यावा की नाही, हा वादाचा विषय नाही. प्रश्न निराळाच आहे. आपल्या विसाव्याची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागत असेल, तर तो विसावा निर्दोष म्हणता येईल काय? आणि तो दुसरा कोणी मनुष्य नसून मुका जीव असेल, तर उत्तर बदलते काय?

हा प्रश्न अधांतरी राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हौसेने मासे धरणारे लक्षावधी लोक आहेत आणि त्यांचा सर्वांत आवडता मासा म्हणजे ‘स्ट्राइप्ड बास’, अर्थात पट्टेरी बास. न्यू जर्सीतील एडिसन परिसरात अनेक मराठी कुटुंबे राहतात. तेथून जवळच असलेल्या रॅरिटन उपसागरात हा मासा दर वसंत ऋतूत येतो. परंतु त्याचे खरे माहेर म्हणजे मेरीलँड आणि व्हर्जिनिया या राज्यांमधील चेसापीक उपसागर. आपण तेथेच जाऊ.

उपसागरावरील एक दिवस

चेसापीक हा नावाने उपसागर असला, तरी वस्तुतः ती एक प्रचंड खाडी आहे. सस्क्वेहॅना, पोटोमॅक इत्यादी नद्यांचे गोडे पाणी आणि अटलांटिक महासागराचे खारे पाणी येथे एकमेकांत मिसळते. लांबी सुमारे ३२० किलोमीटर, पण सरासरी खोली जेमतेम वीस-एकवीस फूट. बास माशाची जीवनयात्रा काहीशी आपल्याकडील हिलशासारखी असते. तो समुद्रात वाढतो आणि वसंत ऋतूत अंडी घालावयास नद्यांच्या गोड्या पाण्यात चढून येतो. अंडी पाण्याच्या प्रवाहावर तरंगत राहिली तरच जगतात. तळाशी बसली की मरतात. पूर्व किनाऱ्यावर सापडणाऱ्या बास माशांपैकी बहुसंख्य या एकाच उपसागरात मिळणाऱ्या नद्यांत जन्मलेले असतात. मासा तीस वर्षे जगू शकतो. मेरीलँडचे लोक त्याला ‘रॉकफिश’ म्हणतात आणि तो त्यांचा राज्यमासा आहे.

ऑक्टोबर महिन्यातील एखादी सकाळ घ्या. उन्हाळ्याचा उकाडा ओसरलेला असतो आणि काठावरील झाडांची पाने तांबूस होऊ लागलेली असतात. अ‍ॅनापोलिस या राजधानीच्या गावाहून एक लहानशी होडी उजाडण्यापूर्वीच निघते. होडीत दोघे किंवा तिघे मित्र, गळाच्या काठ्या, थर्मासमध्ये कॉफी आणि घरून आणलेली न्याहारी. दक्षिणेस थॉमस पॉइंटचे १८७५ सालचे षट्कोनी दीपगृह पाण्यातच लोखंडी खांबांवर उभे आहे. उत्तरेस १९५२ साली खुला झालेला बे ब्रिज धुक्यातून हळूहळू दिसू लागतो. मग कोठेतरी पाण्यावर पक्ष्यांचा कल्लोळ उठतो. तारलीसारख्या तेलकट ‘मेनहेडन’ माशांच्या झुंडीवर खालून बास तुटून पडलेले असतात आणि वरून समुद्रपक्षी झडप घालीत असतात. होडी तेथे नेऊन इंजिन बंद करावयाचे आणि गळ फेकावयाचा.

काही वेळ काहीच होत नाही. हे काहीच न होणे हाच त्या दिवसाचा मोठा भाग असतो. मग एकाएकी काठी वाकते, दोरी सुरसुरत सुटते आणि दोन-चार मिनिटे मनुष्य आणि मासा यांच्यात ओढाताण चालते. शेवटी चंदेरी अंगाचा, बाजूंवर सात-आठ काळसर रेघा असलेला मासा होडीपाशी येतो. त्याला पट्टीवर मोजतात. २०२४ सालापासून चेसापीकमध्ये हौशी माणसाला १९ ते २४ इंच लांबीचा एकच मासा दिवसाकाठी घरी नेता येतो. त्याहून लहान किंवा मोठा असेल तर तो परत पाण्यात सोडावाच लागतो. मासा शेपटी हलवून खाली दिसेनासा होतो. होडीतील मंडळी समाधानाने एकमेकांकडे पाहतात आणि गळ पुन्हा पाण्यात पडतो.

या दिवसात निंद्य असे काय आहे? दारू नाही, जुगार नाही, कोणाची चहाडी नाही. आठवडाभर कचेरीत किंवा कारखान्यात पिचलेला मनुष्य पाणी, प्रकाश आणि शांतता यांच्या सान्निध्यात आठ तास घालवितो. मित्राशी बोलतो, किंवा न बोलता त्याच्याजवळ बसतो. असा दिवस ज्याला मिळतो त्याने देवाचे आभारच मानावेत. परंतु याच दिवसाकडे दोरीच्या दुसऱ्या टोकाकडून पाहिले म्हणजे चित्र पालटते. त्या टोकाला विसावा नाही. तेथे जिवाच्या आकांताने चाललेली धडपड आहे. ‘तुमचा होतो खेळ, पण आमचा जातो जीव’ हे बेडकांचे गाऱ्हाणे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मासा तेच म्हणेल काय?

भाकरीसाठी आणि हौसेसाठी

वसई-उत्तनच्या ख्रिस्ती कोळी बांधवांना हा सारा प्रकार ऐकून प्रथम आश्चर्यच वाटेल. मासा धरावयाचा आणि सोडून द्यावयाचा? ज्याच्या घरची चूल जाळ्यावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने मासेमारी ही करमणूक नाही. ती मेहनत आहे, तीत धोका आहे आणि रिकाम्या हाती परतण्याची भीती आहे. गालील समुद्रावरील पेत्र, अंद्रिया, याकोब आणि योहान हे याच वर्गातील होते. रात्रभर कष्ट करून काही हाती न लागल्याचे दुःख पेत्राने प्रभूपुढे बोलून दाखविले (लूक ५:५), ते हौशी माणसाचे दुःख नव्हते.

बास माशाचा अमेरिकेतील इतिहासही भाकरीपासूनच सुरू होतो. १६२० साली प्लिमथ येथे उतरलेल्या इंग्रज ख्रिस्ती वसाहतवाल्यांची १६२३ च्या उन्हाळ्यात उपासमार होऊ लागली, तेव्हा त्यांच्याजवळ एकच होडी आणि एक जाळे होते. सहा-सात जणांच्या टोळ्या पाळीपाळीने बास धरावयास जात आणि रिकाम्या हाती परतण्यास संकोचत. त्या माशाने वसाहत जगविली. १६३९ साली शेजारच्या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने असा कायदा केला, की बास आणि कॉड हे मासे शेतात खत म्हणून घालू नयेत. माणसाचे अन्न मातीत घालणे त्या लोकांना अनुचित वाटले. पुढे १६७० साली प्लिमथ वसाहतीने केप कॉड येथील मासेमारीचे उत्पन्न, त्यात बासचेही, एका मोफत शाळेसाठी लावून दिले. एकाच माशाने लोकांची भूकही भागविली आणि त्यांच्या मुलांना अक्षरेही शिकविली.

भाकरीसाठी मासा मारणे गैर आहे असे पवित्र शास्त्र कोठेही म्हणत नाही. पुनरुत्थित प्रभूने स्वतः शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला (लूक २४:४२-४३). तेव्हा अन्नासाठी प्राणी मारावा की नाही हा जुना आणि मोठा वाद येथे बाजूला ठेवू. आपल्यापुढील प्रश्न त्याहून अरुंद, आणि म्हणूनच अधिक अवघड आहे. ज्या माशाची आपल्याला गरज नाही, जो आपण खाणारही नाही, त्याला केवळ आपल्या आनंदासाठी गळाला लावणे योग्य आहे काय?

दोन ख्रिस्ती साक्षीदार

या प्रश्नावर ख्रिस्ती परंपरेतच दोन विरुद्ध साक्षी सापडतात आणि दोन्ही ऐकण्यासारख्या आहेत.

पहिला साक्षीदार आयझॅक वॉल्टन. हा लंडनचा एक व्यापारी आणि इंग्लंडच्या चर्चचा निष्ठावंत सभासद. जॉन डन आणि जॉर्ज हर्बर्ट या धर्मसेवक कवींची चरित्रे त्याने लिहिली. यादवी युद्धात राजाचा शिरच्छेद होऊन चार वर्षे झाली होती आणि त्याच्या प्रिय चर्चची घडी विस्कटलेली होती, तेव्हा १६५३ साली त्याने ‘द कम्प्लीट अँग्लर’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. गळाने मासे धरणे हा चिंतनशील माणसाचा विरंगुळा आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे. नदीकाठी बसलेला मनुष्य धीर शिकतो, अबोलपणा शिकतो, सृष्टीकडे पाहण्यास शिकतो. प्रभूने आपल्या पहिल्या शिष्यांत चार कोळी निवडले, याचाही तो आधार घेतो. द्वेषाने पेटलेल्या त्या काळात पाण्याकाठची शांतता त्याला जवळजवळ उपासनेसारखी वाटली असल्यास नवल नाही. मात्र याच वॉल्टनला पुढे कवी बायरनने क्रूर ठरविले. चिंतन करणाऱ्याच्या हातात गळ कशाला, असा त्या टीकेचा रोख.

दुसरा साक्षीदार आल्बर्ट श्वाइट्झर. आफ्रिकेतील लाम्बारेने येथे रुग्णालय चालविणाऱ्या या धर्मशास्त्रज्ञ डॉक्टरचे नाव आपल्या वाचकांना परिचित आहे. १९५२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्याला देण्यात आले. आपल्या बालपणाच्या आठवणींत तो सांगतो, की इतर मुलांबरोबर तो दोन वेळा मासे धरावयास गेला होता. गळाला टोचलेल्या गांडुळांचे हाल आणि माशांची फाटलेली तोंडे पाहून त्याला ते असह्य झाले. त्याने तो खेळ सोडला आणि इतरांनाही त्यापासून परावृत्त करण्याचे धैर्य त्याला आले. १९१५ साली ओगोवे नदीवरून प्रवास करताना ‘जीवमात्राविषयी आदर’ हे नीतिसूत्र त्याला स्फुरले. पण त्याचे बीज त्या लहान मुलाच्या मनात आधीच पडलेले होते.

श्वाइट्झरच्या बाजूने आज विज्ञानही काही सांगते. २००३ साली स्कॉटलंडमधील संशोधकांनी ट्राउट माशांच्या ओठांत दाहक द्रव्ये टोचून पाहिली. त्या माशांनी बराच वेळ अन्न घेतले नाही आणि काहींनी आपले ओठ तळाच्या खड्यांवर घासले. याला आपण म्हणतो त्या अर्थाने वेदना म्हणावयाचे की नाही, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत. माशाच्या मेंदूची रचना आपल्या मेंदूहून फार वेगळी आहे, असे काहींचे म्हणणे आहे. तरीही शंकेचा फायदा कोणाला द्यावयाचा, हा प्रश्न उरतोच. गळ आपल्या हातात असताना तो आपण आपल्यालाच द्यावा, हे न्यायाला धरून होणार नाही. स्वित्झर्लंडने तर २००८ च्या प्राणिरक्षण नियमावलीत, मासा पुन्हा सोडून देण्याच्याच हेतूने गळ टाकण्यास मनाई केली आहे. खावयाचा असेल तर धरा, नसेल तर त्याला छळू नका, असा त्या नियमाचा आशय आहे.

येथे एक विलक्षण विसंगती दिसते. अमेरिकेत मासा सोडून देणे हे सभ्यतेचे लक्षण मानले जाते. स्वित्झर्लंडमध्ये तेच, हेतुपुरस्सर केल्यास, गुन्हा ठरते. एकाच कृतीला एक देश दया म्हणतो, दुसरा निर्दयता. दोघांपैकी बरोबर कोण?

दयेचा हिशेब

अमेरिकेची बाजू समजून घ्यावयाची तर बासच्या इतिहासाचे आणखी एक पान उलटले पाहिजे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून या माशाची संख्या झपाट्याने घटू लागली. अतोनात मासेमारी हे त्याचे प्रमुख कारण होते. अखेर १९८५ च्या जानेवारीपासून मेरीलँडने बास धरण्यावर संपूर्ण बंदी घातली. चेसापीकवर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या कोळ्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार तुटला, हौशी मंडळींच्या काठ्याही अडगळीत गेल्या. १९९० साली निर्बंधांसह मासेमारी पुन्हा सुरू झाली आणि १९९५ साली मासा सावरल्याचे जाहीर करण्यात आले. मनुष्याने वेळीच हात आवरला तर सृष्टी किती उदारपणे परतफेड करते, याचे हे एक उत्तम उदाहरण आहे.

त्या सावरण्यात हौशी लोकांचाही वाटा होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ज्यावर प्रेम असते त्याच्या रक्षणासाठी मनुष्य झटतो. १९५० च्या एका कायद्यान्वये अमेरिकेत गळ, काठ्या इत्यादी साहित्यावरील कराचा पैसा माशांच्या संवर्धनासाठी राज्यांना वाटला जातो. ‘धरा आणि सोडा’ ही रीत याच काळजीतून रुजली. आज हौशी लोकांनी धरलेल्या दर दहा बासपैकी सुमारे नऊ पाण्यात परत जातात.

परंतु परत गेलेला प्रत्येक मासा जगतो काय? अटलांटिक किनाऱ्यावरील राज्यांचा मत्स्य आयोग आपल्या हिशेबात असे धरतो, की सोडलेल्या शंभर बासपैकी सुमारे नऊ नंतर मरतात. गळ खोल गेलेला असतो, झुंजीत ताकद संपलेली असते, कोरड्या हातांनी धरल्याने अंगावरील चिकट संरक्षक थर निघून गेलेला असतो. उन्हाळ्यात पाणी तापून त्यातील प्राणवायू कमी झाला म्हणजे मरणाऱ्यांचे प्रमाण आणखी वाढते. शंभरात नऊ हा आकडा लहान वाटतो. पण सोडलेल्या माशांची संख्याच इतकी प्रचंड आहे, की अलीकडच्या काही वर्षांत मनुष्याच्या हातून मेलेल्या एकूण बासपैकी मोठा हिस्सा, कधी कधी जवळजवळ निम्मा, या ‘सोडून दिलेल्या’ माशांचाच होता. २०१९ साली बासची संख्या पुन्हा धोक्याच्या पातळीखाली गेल्याचे जाहीर झाले आणि तेव्हापासून चेसापीकमधील पिलांची वार्षिक मोजणीही निराशाजनक राहिली आहे.

आता दोन माणसे डोळ्यांपुढे आणा. एकाने सकाळी नियमात बसणारा एक मासा धरला, मारला, काठी गुंडाळून ठेवली आणि उरलेला दिवस होडीत बसून घालविला. संध्याकाळी त्याच्या घरी सर्वांनी तो मासा खाल्ला. दुसऱ्याने दिवसभरात तीस मासे धरले आणि तीसही सोडून दिले. तो अभिमानाने सांगतो, की मी एकही मासा मारला नाही. वरील हिशेबाने त्याच्यामागे उपसागराच्या तळाशी दोन-तीन मासे मेलेले असतात. ते कोणी खाल्ले नाहीत, कोणी पाहिले नाहीत आणि त्यांचा भार कोणाच्या मनावर नाही. पहिल्याचे हात रक्ताने माखले, दुसऱ्याचे स्वच्छ राहिले. पण मरण अधिक झाले ते दुसऱ्याच्या हातून.

दुसरा मनुष्य खोटे बोलत नाही. त्याने खरोखरच एकही मासा मरताना पाहिलेला नाही. परंतु जे आपण पाहिले नाही ते घडलेच नाही, असे मानण्याची सवय मनुष्याला फार लवकर लागते आणि ती केवळ मासेमारीपुरती राहत नाही. आपण देत असलेल्या मजुरीत कामगाराचे घर चालते की नाही, आपल्या घरातील सांडपाणी कोणाच्या विहिरीकडे जाते, आपण स्वस्तात घेतलेली वस्तू कोणाच्या स्वस्त आयुष्यातून आली, हे आपण विचारत नाही. दृष्टीआड झालेली हानी हिशेबात न धरता आपले हात निर्मळ आहेत असे मानणे, ही आपल्या काळातील मोठी नैतिक चूक आहे. ‘सोडून दिले’ म्हणताना आपण त्या जिवाला सोडतो की त्याची जबाबदारी सोडतो, हे ज्याचे त्याने तपासावे.

शास्त्र काय सुचविते?

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्याला समुद्रातील माशांवर सत्ता दिल्याचा उल्लेख आहे (१:२८). या वचनाचा आधार अनेकदा घेतला जातो. परंतु त्याच्या सहा वचने आधी काय घडते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पवित्र शास्त्रातील अगदी पहिला आशीर्वाद मनुष्याला दिलेला नाही. तो पाण्यातील जीवांना आणि पक्ष्यांना दिलेला आहे: त्यांनी वाढावे आणि पाणी भरून टाकावे (१:२२). ज्यांना आपल्याआधी आशीर्वाद मिळाला, त्यांच्यावर आपल्याला सत्ता देण्यात आली. तेव्हा आपली सत्ता तो आधीचा आशीर्वाद खोटा पाडणारी असू शकत नाही.

अनुवादाच्या पुस्तकात एक लहानशी आज्ञा आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे आढळले तर अंडी किंवा पिले घ्यावीत, पण त्यांबरोबर आईला धरू नये. तिला जाऊ द्यावे (२२:६-७). ही आज्ञा घेण्याची परवानगी देते आणि त्याच श्वासात मर्यादाही घालते. चेसापीकच्या नियमात जी वरची सीमा आहे, तिच्यामागील कारण हेच. लांबीने मोठा बास बहुधा मादी असतो आणि मोठी मादी एका हंगामात लक्षावधी अंडी देते. जिच्यातून पुढची पिढी यावयाची, तिला धरून नेऊ नये. आजच्या मत्स्यशास्त्रज्ञांना संख्याशास्त्राच्या साहाय्याने जे उमगले, त्याचे तत्त्व त्या जुन्या आज्ञेत होते. अशा मादीला सोडून देणे ही केवळ हौस नव्हे. ते आज्ञापालन आहे.

आणि तिसरी गोष्ट रानातील मान्न्याची (निर्गम १६). ज्याला जितके लागेल तितके त्याने गोळा करावे, एवढेच सांगितलेले होते. ज्यांनी उद्यासाठी म्हणून ठेवले त्यांच्या मान्न्यात किडे पडले. मान्ना दुर्मीळ नव्हता; रोज सकाळी तो मुबलक पडत होता. तरीही मर्यादा होती. म्हणजे मर्यादेचा संबंध टंचाईशी नसून विश्वासाशी आहे. पुरे म्हणता येणे हीच तेथे परीक्षा होती.

पुरे म्हणण्याची वेळ

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करू. प्रस्तुत लेखकाच्या मते वॉल्टन आणि श्वाइट्झर दोघेही आपापल्या परीने खरे आहेत. पाण्याकाठची शांतता हे देवाचे दान आहे, आणि माशाच्या तोंडातील गळ ही खरी जखम आहे. पहिल्यासाठी दुसरी नाकारणे हा अप्रामाणिकपणा होईल. म्हणून जो मनुष्य खाण्यासाठी मासा धरतो, नियमात न बसणारा मासा ओल्या हातांनी, पाण्याबाहेर फार वेळ न ठेवता सोडतो, आणि गरजेपुरता मासा मिळाल्यावर काठी खाली ठेवतो, त्याच्या विसाव्याला दोष देता येणार नाही. त्याच्या आनंदाची किंमत एका जिवाने मोजली, हे तो जाणतो आणि ती किंमत वाया घालवीत नाही. परंतु गरज भागल्यानंतरही, केवळ आकडा वाढविण्यासाठी किंवा झुंजीची नशा पुन्हा चाखण्यासाठी जो गळ टाकीत राहतो, त्याने ‘मी सोडून देतो’ या समाधानामागे लपू नये. सोडून देण्यात दया आहे. पण तीच दया जखम करण्यापूर्वी दाखविता आली असती.

यावर कोणी म्हणेल, की मग उरलेल्या दिवसाचे काय? एवढ्या लांब आलो, होडीचे भाडे भरले, आणि सकाळी आठ वाजताच काठी ठेवून द्यावयाची? याचे उत्तर देताना त्या दिवसाकडे पुन्हा एकदा नीट पाहावे. त्यातील किती वेळ माशाशी झुंजण्यात गेला होता? मोजून काही मिनिटे. उरलेले सर्व तास पाणी, पक्षी, प्रकाश आणि मित्राची सोबत यांचे होते. थकलेल्या मनाला ज्याने हलके केले, ते सर्व गळाशिवायही तेथे होतेच. विसाव्याच्या शोधात आलेला मनुष्य जर काठी खाली ठेवून अर्धा तासही स्वस्थ बसू शकत नसेल, तर तो विसावा घेत नसून आपल्या कामाचीच घाई दुसऱ्या जागी घेऊन आला आहे.

हात आवरण्याचा हा धडा आपल्याला परका नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते. कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून कोळी समाज पावसाळ्यात होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेपर्यंत थांबत असे. त्यामागे खवळलेल्या दर्याची भीती होती हे खरे, परंतु माशांना वाढण्यास अवसर मिळत होता हेही खरे. आज पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा आहे (२०२३), आणि त्याचीच बोटभर पिले बारीक आसाच्या जाळ्यांत येऊन बाजारात विकली जातात. तेव्हा चेसापीकच्या हौशी माणसाकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. त्याला खेळात पुरे म्हणता येत नाही. आपल्याला व्यापारात म्हणता येत नाही आणि ताटावर बसलेल्या आपल्यापैकी पुष्कळांना खरेदीतही म्हणता येत नाही.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती बास माशाचा गळ कधी येणार नाही. परंतु विसाव्याचा एक दिवस प्रत्येकाच्या वाट्याला येतो. कोणी डोंगरावर जाईल, कोणी समुद्रकाठी, कोणी नातलगांच्या घरी मेजवानीस. त्या दिवशी आपल्या आनंदासाठी कोण राबत आहे, कोण जागत आहे, कोणता जीव जात आहे, हे एकदा विचारावे. आणि विचारून झाल्यावर, कृतज्ञतेने, हवे तेवढेच घ्यावे. योहानाच्या शेवटच्या अध्यायात शिष्यांनी एकशे त्रेपन्न मोठे मासे ओढून काठावर आणले. पण ते काठाला पोहोचले तेव्हा निखाऱ्यांवर मासा आधीच ठेवलेला होता आणि भाकरीही तयार होती (२१:९-११). प्रभूने त्यांना न्याहारीस बोलाविले. त्या सकाळी आणखी एकदा जाळे टाकावयास कोणी गेल्याचे योहान सांगत नाही.